भाषण नेत्याचं, दगड जमावाचा: लोपेझची शिक्षा आपल्याकडं टिकली असती का?

गोदाकाठ (नांदेड)

आंदोलनानंतर विरोधी नेत्याला आत कसं घालतात हे पाहायचं असेल तर व्हेनेझुएलातला लिओपोल्दो लोपेझचा खटला चाळावा. १२ फेब्रुवारी २०१४ ला काराकासमध्ये सरकारविरोधी मोर्चा निघाला आणि सरकारी वकिलांच्या मुख्य कचेरीपाशी पोचला. सभा संपली, लोपेझ निघून गेला. त्यानंतर दगडफेक झाली, इमारतीची तोडफोड झाली, सरकारी गाड्या जळाल्या. त्याच दिवशी गोळीबारात माणसंही गेली. १८ तारखेला लोपेझ हजारोंच्या गर्दीसमोर स्वतःहून हजर झाला आणि त्याची रवानगी रामो वेर्देच्या लष्करी तुरुंगात झाली.

वॉरंटमध्ये सुरुवातीला खून आणि दहशतवादसुद्धा होता. ४ एप्रिलला आरोप दाखल झाले तेव्हा ही दोन्ही कलमं गळाली. उरलं काय? चिथावणी, जाळपोळ, मालमत्तेचं नुकसान आणि गुन्हेगारी कट. त्यावर १० सप्टेंबर २०१५ ला १३ वर्षं ९ महिन्यांची शिक्षा.

माझं म्हणणं असं की शिक्षा निकालाच्या दिवशी ठरलीच नाही, साक्षीदारांच्या यादीतच ठरली. सरकार पक्षाला शंभराहून अधिक साक्षीदार मिळाले. बचावाने साठेक मागितले, न्यायाधीश बार्रेइरोस यांनी जवळजवळ सगळे नाकारले. भाषणं तपासायला सरकार पक्षानेच भाषातज्ज्ञ आणली होती. तिलाही हिंसेचं थेट आवाहन सापडलं नाही. तरी जाळपोळीचा डाग लोपेझवर बसला. बोललेला शब्द आणि फेकलेला दगड यांच्यातला दुवा सिद्ध झाल्याशिवाय नेत्याला शिक्षा होता कामा नये, मग तो नेता कुठल्याही पक्षाचा असो.

सरकारपक्ष (लातूर)

"सभा संपली, नेता निघून गेला, मग दगडफेक झाली." हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक जामीन अर्जात असतं, साहेब. अर्ज उघडा, दुसऱ्याच परिच्छेदात सापडेल.

लोपेझची मोहीम कशासाठी होती ते तुम्ही लिहिलंच नाही. मादुरो एप्रिल २०१३ मध्ये निवडून आले, फरक दीड टक्क्याच्या आसपास. दहा महिन्यांच्या आत "ला सालिदा" म्हणजे सरकार घालवण्याचा रस्ता, अशी हाक देऊन लोकांना रस्त्यावर उतरवलं. ज्याला जमाव गोळा करता येतो त्याला जमाव कसा वागतो हेही कळतं.

आपला कायदा याबाबत भोळा नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १९०, म्हणजे जुन्या दंड विधानातलं १४९, बेकायदा जमावाच्या फक्त समान उद्देशाबद्दल बोलत नाही. असा गुन्हा घडण्याची शक्यता सदस्यांना माहीत होती, एवढंही त्याला पुरतं. शिवाय कलम ५७: दहाहून अधिक लोकांना मिळून गुन्ह्याला चिथावणी. जुन्या ११७ मध्ये त्याला तीन वर्षं होती, आता सात आहेत. आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाईची जबाबदारी प्रत्यक्ष तोडफोड करणाऱ्यांबरोबर आयोजकांवरही टाकली. एसटी जळते तेव्हा महामंडळ कुणाकडून वसूल करणार? तोंडाला रुमाल बांधलेल्या पोराकडून?

नोंदवही (जालना)

सरकारपक्ष, कलम १९० तुम्ही अर्धंच वाचलंत. "गुन्हा घडतेवेळी" त्या जमावाचा सदस्य असला पाहिजे, हे त्याच वाक्यात आहे. नेता निघून गेल्यावर दगड पडला तर १९० त्याच्यापर्यंत पोचत नाही. मग सरकार पक्षाला कट (६१) नाहीतर चिथावणी (५७) सिद्ध करावी लागते. दोन्हींना भाषण लागतं, आणि भाषण कोर्टात आणताना निम्मे खटले लंगडे होतात. म्हणून नेता किती वाजता निघाला, गाडी कुठल्या नाक्यावरून गेली, मोबाइल कुठल्या टॉवरखाली होता, हे बचावाने पहिल्या आठवड्यात गोळा करायला हवं. नाक्यावरच्या सीसीटीव्हीत थोड्याच दिवसांत जुन्यावर नवं चढतं. त्याआधी फुटेज जतन करण्याचा अर्ज गेला नाही, तर दोन वर्षांनी मागून उपयोग शून्य.

आता भाषणाच्या चित्रफितीचं. याबाबतचा सगळ्यात महत्त्वाचा निकाल आमच्या जालन्याचाच आहे: खोतकर विरुद्ध गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालय, १४ जुलै २०२०. वाद २०१४ च्या विधानसभेला उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही याचा, आणि पुरावा निवडणूक कचेरीतल्या चित्रीकरणाचा. कोर्टाने सांगितलं की मूळ उपकरण हजर केलं तर ठीक, नाहीतर प्रत खरी असल्याचं प्रमाणपत्र सक्तीचं. अधिकारी प्रमाणपत्र देत नसेल तर कोर्टात अर्ज करून मागवून घ्या. जुनं कलम ६५-ब आता साक्ष अधिनियमात ६३ झालंय. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, अ आणि ब, दुसरा तज्ज्ञाने भरायचा आणि हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा अंकी ठसा, लिहायची.

प्रत्यक्षात काय होतं? कुणीतरी मोबाइलवर काढलेलं भाषण व्हॉट्सॲपवरून ठाण्यात येतं. व्हॉट्सॲप फाइल दाबून लहान करतं, त्यामुळे मूळ फाइलशी हॅश जुळायचा प्रश्नच मिटतो. शिपाई ती पेन ड्राइव्हवर घेतो, पंचनाम्यात "एक पेन ड्राइव्ह" एवढंच लिहिलं जातं. मूळ मोबाइल जप्तच नाही. पंचेचाळीस मिनिटांच्या भाषणातली चाळीस सेकंदं दोषारोपपत्राला जोडतात, आधीचं "कुणी दगड हातात घ्यायचा नाही" हे वाक्य कापलेलं असतं. बचावाने पूर्ण भाषणाची मागणी केली की खटला तिथंच अडतो. आवाजाचा नमुना घ्यायला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो (नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे नवा फौजदारी प्रक्रियेचा कायदा, कलम ३४९), तोही बऱ्याचदा उशिरा.

बीडकर

लातूरवाले साहेब, रुमालवाल्या पोराचं बरं आठवलं तुम्हाला. आमच्याकडं फिर्याद कशी लिहितात ते बगा. वर आठ-दहा नावं, खाली "व इतर ३०० ते ४०० इसम". मग त्या "इतर" मध्ये महिनाभर नावं भरत राहायची. कुणाचा फोटो मोर्चात दिसला, कुणाची मोटारसायकल कडंला उभी होती, एवढ्यावर. मसालती खटल्यात १९६४ लाच सर्वोच्च न्यायालय म्हणलं होतं की एवढा मोठा जमाव असंल तर दोन-तीन साक्षीदारांनी त्या माणसाबद्दल सारखं सांगावं. इथं एकच शिपाई चाळीस जणांना वळखतो.

नेता जामिनावर सुटतो, त्याचा हार घालून सत्कार होतो. पोलीस भरतीची तयारी करणारं पोरगं चारित्र्य पडताळणीत अडकतं. दोषी ठरायची गरज बी नाही, "गुन्हा प्रलंबित" एवढं पुरतं. म्हणून मी म्हणतो, खटले मागं घ्या. समद्यांचे.

सरकारपक्ष (लातूर)

समद्यांचे? ३० ऑक्टोबर २०२३ ला माजलगाव आणि बीडमध्ये घरं पेटवली गेली, आत माणसं होती. तेही मागं घ्यायचे का भाऊ?

आणि सरकारने ठरवलं म्हणून खटला मागं जात नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६०: अर्ज सरकारी वकिलाचा, निर्णय त्याच्या स्वतःच्या विचाराने घेतलेला हवा, त्यावर परवानगी कोर्टाची. शासन निर्णयाची झेरॉक्स जोडून "शासनाच्या आदेशानुसार" लिहिलेला अर्ज इथंच मार खातो. नव्या कायद्यात पीडिताला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय परवानगी देता येत नाही. आजी-माजी आमदार-खासदार आरोपी असेल तर १० ऑगस्ट २०२१ च्या आदेशाप्रमाणे आधी उच्च न्यायालयाची मंजुरी. केरळ विधानसभेत बाकं-संगणक मोडणाऱ्या आमदारांचा खटला मागं घ्यायला सर्वोच्च न्यायालयाने २०२१ लाच नकार दिला. विरोधात असताना तोडायचं, सत्तेत आल्यावर माफ करायचं, हे दुकान बंद झालेलं बरं.

काळा कोट (छत्रपती संभाजीनगर)

दोघंही निकालापाशी अडकलात. नेत्याला बाजूला करायला निकाल लागतोच कुठं?

पोलिसांनी ६० दिवसांत दोषारोपपत्र दिलं नाही तर जामीन हा हक्क होतो. जन्मठेपेपर्यंतच्या गुन्ह्यात ९० दिवस. म्हणून पहिल्याच रिमांडला घर जाळल्याचं कलम (३२६-ग) लावून ठेवतात, मग टपरी जळालेली असो की टायर. टायरला ३२६-ग लागत नाही हे कोर्टात ठरेपर्यंत तीस दिवस खिशात. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा लावला तर ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढते आणि कलम ४३-ड(५) मुळे जामिनाचं दार जवळजवळ बंद. बचावाच्या वकिलाने रिमांडच्या दिवशीच प्रत्येक कलमासमोर "यासाठी फिर्यादीत कुठलं वाक्य आहे?" असं विचारून ते आदेशात नोंदवून घ्यावं. पुढचं सगळं त्या कागदावर चालतं.

कोठडीत काय होऊ शकतं हे परभणीने डिसेंबर २०२४ मध्ये पाहिलं. आंदोलनानंतर अटक झालेल्या तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू, आणि साधा गुन्हा नोंदवायला खंडपीठाला आदेश द्यावा लागला. तिथं कुठला निकाल लागायचा होता?

निवडणुकीचं गणितही वेगळंच. खटला सुरू असला तरी उभं राहता येतं, आतून निवडून येता येतं; जॉर्ज फर्नांडिस १९७७ मध्ये बडोदा डायनामाइट प्रकरणात तुरुंगात असताना मुझफ्फरपूरमधून जिंकले. पण तुरुंगातल्या त्याच माणसाला मत देता येत नाही, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२(५). आणि दोन वर्षांची शिक्षा झाली की आमदारकी त्याच दिवशी जाते, २०१३ च्या लिली थॉमस निकालानंतर अपिलाची सवड राहिली नाही. फक्त शिक्षेला नव्हे तर दोषसिद्धीला स्थगिती मागावी लागते. हे न कळल्याने पदं गेलेली आहेत.

तरी सरकारपक्ष यांच्या एका गोष्टीशी मी सहमत आहे: खटला चाललाच पाहिजे. निजामाने स्वामी रामानंद तीर्थांना १५ ऑगस्ट १९४७ ला तिरंगा फडकवल्यावर धरलं, आणि १९४८ च्या पोलीस कारवाईपर्यंतचा बहुतेक काळ ते आतच होते. उलटतपासणी नाही, साक्षीदार नाही. मागे घेतलेल्या खटल्यातही पोलिसांना कुणी प्रश्न विचारत नाही, बीडकर.

बीडकर

ताई, खटला चालल म्हणता, पण किती वर्षं? भरतीची वयोमर्यादा कोर्टाच्या तारखेसाठी थांबत नाही. जीव गेला नाही, आग लागली नाही, तेवढे तरी मागं घ्या. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(१)(३) चा जमावबंदी आदेश मोडला म्हणून १३५ खाली किती पोरं अडकून बसल्यात.

गोदाकाठ (नांदेड)

ती निराळी यादी करावी, मान्य. जमावबंदी भंगाचे खटले वेगळे, आगीचे वेगळे.

सरकारपक्ष, तुम्ही लोपेझच्या खटल्यातला सगळ्यात मोठा पुरावा टाळताय. निकालानंतर महिना-दीड महिन्यात, ऑक्टोबर २०१५ मध्ये, खटला चालवणारे सरकारी वकील फ्रँकलिन निएवेस देश सोडून गेले आणि हा खटला बनाव होता असं त्यांनीच जाहीर केलं. त्यांच्या वरिष्ठ लुइसा ओर्तेगा दियास यांचंही २०१७ मध्ये सरकारशी फाटलं, पद गेलं, त्याही देशाबाहेर गेल्या. जुलै २०१७ मध्ये लोपेझला नजरकैदेत हलवलं. इतका भक्कम गुन्हा होता तर हे कसं?

सरकारपक्ष (लातूर)

निएवेस यांनी हे शपथेवर, उलटतपासणीत सांगितलं का? नाही. परदेशात, आश्रय मागताना, कॅमेऱ्यासमोर सांगितलं. जालन्याच्या नोंदवहींना विचारा, त्या मुलाखतीला प्रमाणपत्र आहे का.

नोंदवही (जालना)

नाही. पण बचावाचे साठेक साक्षीदार घेतले असते तर त्या मुलाखतीची गरजच पडली नसती.