गोव्यात पिळर्णचं ‘मोग’ म्युझियम बघितलंय का कुणी?

वर कुणीतरी लिहिलंय की गोव्यात बीच नि चर्च सोडलं तर बघण्यासारखं काय आहे, तर बाबांनो एकदा पिळर्णला जाऊन या. चित्रकार सुबोध केरकरांनी २०१५ साली म्युझियम ऑफ गोवा हे कलेचं म्युझियम चालू केलं, तेही कुठे, तर चक्क इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये! आम्ही स्कूटरवरून गेलो तेव्हा आजूबाजूला सगळे कारखाने नि ट्रक, बायको म्हणाली मॅपने गंडवलं बहुतेक, परत फिरूया, तेवढ्यात पाटी दिसली. नावाची इंग्रजी आद्याक्षरं (MOG) जोडली की मोग, म्हणजे कोकणीत प्रेम.

केरकर मूळचे डॉक्टर हां, प्रॅक्टिस सोडून चित्रकार झाले. तिथं मला सगळ्यात आवडलं ते मिरचीचं भलंमोठं शिल्प. आपण तिखट म्हणजे आपलंच समजतो, पण मिरची पोर्तुगीजांनी समुद्रातून आणलेली, त्याआधी आपल्याकडे तिखटपणाला मुख्यतः मिरी होती. हे शाळेत वाचलेलं, पण माणसाएवढ्या मिरचीसमोर उभं राहिल्यावर डोक्यात घुसतं. काही कलाकृती मला झेपल्या नाहीत, खोटं कशाला बोलू. आमचा पोरगा मात्र तिथून निघायलाच तयार नव्हता, शेवटी आइस्क्रीमची लाच द्यावी लागली.