बाथरूममधून डोंगर दिसणारं ग्लॅम्पिंग (हॉटेलसारख्या सोयींचा तंबू): आईसाठी बुक करण्याआधी काय विचारू?

पाऊलवाट:
आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. चालते, जिना चढते, पण आयुष्यभर डोंगर चढलेल्या बाईला आता डोंगर चढायचे नाहीत असं डॉक्टरांनी बजावलंय. परवा तिने माझ्या फोनवर एका तंबूचा फोटो पाहिला: टब, समोर पूर्ण काच, पलीकडे दरी आणि डोंगराची रांग. म्हणाली, "अंघोळ करताना एवढं दिसलं तरी मला पुरे." तेव्हापासून मी शोधतेय.

फोटोत सगळीच ठिकाणं सुंदर दिसतात. थंडीत जायचं आहे. काच बाहेरून आरपार दिसत नाही असं सगळे सांगतात, ते कितपत खरं? आई या बाबतीत फार संकोची आहे. कोणी राहिलं असेल किंवा या कामातलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

ओलावा:
मी तंबूंच्या मुक्कामांत पाण्याची आणि बाथरूमची कामं करतो, म्हणून जरा लांब लिहितो.

टबचा नाद सोडा. टबची कड साधारण 50 ते 60 सेंटीमीटर उंच असते. ती ओलांडून ओल्या पायाने आत उतरणं आणि पुन्हा उठणं त्या गुडघ्यांना सोसणार नाही. शिवाय टब भरायला दीडशे लिटरच्या पुढे पाणी लागतं. तंबूत बहुतेक 25 लिटरचा गीझर असतो. 60 अंशांचं ते पाणी 20 अंशांच्या पाण्यात मिसळलं तर 40 अंशांचं जेमतेम 50 लिटर मिळतं. म्हणजे टबात घोट्यापेक्षा थोडं वर. शॉवरखाली भक्कम स्टूल, भिंतीला पकडायला दांडा आणि उंबरा नसलेली फरशी असेल अशी जागा शोधा.

आता खरी गोष्ट. फोटो उभं राहून काढलेले असतात, अंघोळ बसून होते. 45 सेंटीमीटरच्या स्टुलावर बसलेल्या बाईचे डोळे जमिनीपासून साधारण 115 ते 120 सेंटीमीटरवर येतात. खिडकीचा कठडा मीटरभर उंच असेल तर तिला आभाळ दिसेल, दरी नाही. म्हणून तंबूवाल्यांना कठड्याची उंची विचारा. ऐंशीच्या खाली असेल तर उत्तम. डोळ्यांच्या आणि डोंगराच्या मध्ये तंबूचे दोर किंवा डेकचं रेलिंग येत नाही ना, हेही विचारा.

काचेबद्दल: बाहेरून दिसू नये म्हणून काचेवर जी फिल्म लावतात, ती फक्त उजेडाच्या फरकावर चालते. दिवसा बाहेर उजेड जास्त असतो, म्हणून बाहेरून आरशासारखी दिसते. अंधार पडला आणि आत दिवा लागला की उलटं होतं, बाहेरच्याला सगळं दिसतं आणि आतल्याला स्वतःचं प्रतिबिंब. त्यामुळे पडदा हवाच, आणि तो बसल्या जागेवरून ओढता यायला हवा. काचेपलीकडे कर्मचाऱ्यांची पायवाट किंवा शेजारचा तंबू आहे का, हे विचारून लेखी उत्तर घ्या.

थंडीत एकेरी काच दोन-तीन मिनिटांत धुरकट होते. वाफ गार काचेवर जमते आणि डोंगर गायब. दुहेरी काच किंवा एक्झॉस्ट पंखा असेल तर बरंच वाचतं. नाहीतर काचेवर भांड्याच्या साबणाचा थेंब चोळून कोरड्या फडक्याने पुसा, काही वेळ वाफ धरत नाही.

आणि हे नक्की वाचा: गॅस गीझर बाथरूमच्या आत बसवलेला असेल तर तिथे जाऊच नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. थंडी म्हणून झडपा बंद करून, कडी लावून कोणी आत बसलं की जिवावर बेततं. गीझर तंबूच्या बाहेर हवा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ यावा. इतर सगळ्यांत तडजोड चालेल, यात नाही.

रानपाखरू:
ओलावा यांना अनुमोदन. मी थोडी भर घालते. बाथरूम तंबूला जोडलेलं आहे का, हे गृहीत धरू नका. स्वीडनमधल्या हॅराड्स गावच्या ट्रीहोटेलमध्ये (झाडांवरच्या खोल्यांचं हॉटेल) आरशांच्या भिंतींची ती प्रसिद्ध खोली आहे, पण तिथे बऱ्याच खोल्यांचे शॉवर वेगळ्या इमारतीत आहेत. पेरू देशातल्या कड्यावर लटकणाऱ्या स्कायलॉजच्या पारदर्शक कॅप्सूलमध्ये टॉयलेटमधूनही खोरं दिसतं, पण ते टॉयलेट कोरडं (पाण्याशिवाय चालणारं) आहे आणि तिथवर लोखंडी दांड्यांना धरून कडा चढावा लागतो, नाहीतर तारेवरून लटकत जाणाऱ्या अवघड वाटेने जावं लागतं. दृश्य अफाट असलं तरी गुडघ्यांचा विचार कोणी केलेला नसतो.

छत उघडं असलेलं बाथरूम मला मनापासून आवडतं, पण थंडीत ओल्या अंगावर वारा येतो. आईसाठी बंद बाथरूमच घ्या. कोरडं टॉयलेट असेल तर वास येईल या भीतीने नाकारू नका. भुसा टाकला जातो आणि हवा खेचणारी नळी असेल तर वास जवळजवळ येत नाही. मात्र बसायची उंची विचारा.

पाऊलवाट:
दोघांचे मनापासून आभार. गॅस गीझरचं कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं, हे मला सुचलंच नसतं. आज दोन ठिकाणी फोन केले. एकाने कठड्याची उंची मोजून सांगितली, गीझर बाहेर आहे, पडद्याची दोरी स्टुलाजवळ आहे. दुसऱ्याने "मॅडम, सगळं छान आहे" एवढंच सांगितलं.

पहिल्याकडे दोन तंबू रिकामे आहेत. एकाची काच पूर्वेला, एकाची पश्चिमेला. दोन्हीकडे डोंगर आहे. आई सकाळी उठल्या उठल्या अंघोळ करते. पूर्वेचा घेऊ ना, उगवतीचा?

ओलावा:
पश्चिमेचा घ्या. सकाळी पूर्वेचा डोंगर सूर्याच्या पुढ्यात असतो, त्याची नुसती काळी कड दिसते आणि ऊन थेट डोळ्यांत येतं. सकाळचं ऊन पश्चिमेच्या डोंगरावर समोरून पडतं, घळी, झाडं, कातळ वेगवेगळे दिसतात. ज्यांनी डोंगर पायांनी ओळखले आहेत त्यांना तेच बघायचं असतं. तंबूवाल्यांना सांगा, सकाळी आईच्या अंघोळीच्या वेळेला, स्टुलावर बसून एक फोटो काढून पाठवा. मोजमाप देणारा माणूस हाही पाठवेल.

पाऊलवाट:
सांगितलंय. उद्या सकाळी पाठवतो म्हणाले.