हायडेलबर्गला रिसर्चसाठी अर्ज करायचाय, होस्ट प्रोफेसरांना मेल कसा लिहू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय धनगरी ओव्या आणि बिरोबा. जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाच्या साउथ एशिया इन्स्टिट्यूटमध्ये सहा महिने जायचंय, कारण जर्मन अभ्यासक गुंथर सोनथायमर तिथेच शिकवायचे आणि खंडोबा, बिरोबा, धनगर यांच्यावर त्यांनी जेवढं मनापासून काम केलं तेवढं आपल्याकडेही फार थोड्यांनी केलंय. डाडच्या (DAAD, जर्मनीची शिष्यवृत्त्या देणारी संस्था) शॉर्ट टर्म ग्रांटला अर्ज करतेय, पण त्यासाठी तिथल्या प्रोफेसरांचं पत्र लागतं आणि तिथेच गाडी अडलीये. एकांना मेल केला, तीन आठवडे झाले, उत्तर नाही. परत आठवण करू का, की ते आगाऊपणाचं वाटेल? आणि पहिल्याच मेलमध्ये अख्खं प्रपोजल जोडायचं की अर्ध्या पानात विषय सांगून थांबायचं?

माझ्याकडे कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीच्या बिरोबाच्या यात्रेतली चौदा तासांची रेकॉर्डिंग्ज आहेत, मोबाईलवर केलेली, ढोलाच्या आवाजात शब्द बुडतात म्हणून नंतर एका आजोबांच्या वाड्यावर बसून ओळ न् ओळ परत म्हणवून घेतली, ते कपाळाला भंडारा लावूनच सुरुवात करायचे. हे सगळं प्रपोजलमध्ये लिहावं की नुसती मेथड लिहावी? मला तर हाच खरा जीव वाटतो.

जर्मन अजिबात येत नाही, त्याने अडेल का? कुणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा, मेलचा नमुना दाखवलात तर फारच उपकार होतील.