दुसरी रायफल: पहिलीची जुळी बहीण, की वेगळीच कुणी?

बोल्टउघडा

माझं मत आधीच मांडून टाकतो, मग हवं तेवढं तोडा. स्पर्धेसाठी दुसरी रायफल घ्यायचीच तर ती पहिलीची हुबेहूब जुळी हवी. तेच मॉडेल, तोच स्टॉक, तीच साइट, तोच ट्रिगर. नाहीतर घेऊच नये.

कारण साधं आहे. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात एका प्रकारात सुरुवातीपासून फायनलपर्यंत एकच रायफल चालते. मधेच 'आज दुसरी बरी चालतेय' म्हणून बदलता येत नाही. बदलता येते ती पहिली बंद पडल्यावरच. म्हणजे दुसरी रायफल हातात येणार ती सगळ्यात वाईट क्षणी. तेव्हा खांद्याने, गालाने आणि बोटाने नव्याने ओळख करून घेत बसायचं का?

तर अशी जुळी मी घेतली आणि गेले तीन आठवडे जुळवतोय. ५० मीटर, .२२ (छोट्या काडतुसाची रायफल), थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून). पद्धत सांगतो. बोल्ट (काडतूस आत ढकलून बॅरल बंद करणारा दांडा) काढून बोअरमध्ये, म्हणजे बॅरलच्या पोकळीत, सरळ रॉड घातला आणि सगळी मापं त्या रॉडपासून घेतली: चीकपीस (गाल टेकायचा भाग) किती वर, बटप्लेटचं (खांद्याला टेकणाऱ्या भागाचं) वरचं टोक किती खाली, साइटची मधली रेघ किती उंच. ट्रिगरच्या पात्यापासून बटप्लेटपर्यंतचं अंतर वेगळं मोजलं. डायॉप्टर, म्हणजे बारीक छिद्राची मागची साइट, डोळ्यापासून किती लांब राहतो तेही मोजलं, कारण तो पाच मिलिमीटर पुढेमागे झाला तरी मला रिंगभोवतीचा उजेड वेगळा दिसतो. मग रायफल दोन वजनकाट्यांवर ठेवली, एक पुढे, एक मागे. पुढच्या काट्यावर १४० ग्रॅमचा फरक! पहिल्या रायफलच्या फोरएंडमध्ये (स्टॉकच्या पुढच्या भागात) कधीकाळी मीच एक वजन घातलं होतं आणि विसरलो होतो.

एवढं करून रेस्टवर (टेकूवर) झीरो केला, म्हणजे साइट नेमकी मध्यावर जुळवली, ग्रुप (गोळ्यांचा पुंजका) छान आला. प्रोनला (पोटावर झोपून) पडलो, तर गोळ्या सेंटिमीटरभर डावीकडे. पुन्हा रेस्ट, पुन्हा छान. पुन्हा प्रोन, पुन्हा डावीकडे. दोन दिवस डोकं खाल्लं. शेवटी लक्षात आलं की प्रोनमध्ये मी रायफल चार-पाच अंश डावीकडे कलती धरतो आणि रेस्टवर ती सरळ उभी असते. ५० मीटरला पोचेपर्यंत .२२ ची गोळी सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. ते खाली येणं साइटने उचलून भरून काढलेलं असतं. रायफल कलली की तो उचललेला कोनही कलतो आणि गोळी बाजूला जाते. पाच अंशांना साधारण एक सेंटिमीटर, म्हणजे दहा गुणांची गोळी सरळ नऊवर. जुळवाजुळव करणाऱ्यांनो, झीरो पोझिशनमध्येच करा.

आता बोला.

नऊपूर्णांकनऊ

तीन आठवडे जुळवण्यात गेले म्हणता. त्या तीन आठवड्यांत पहिल्या रायफलवर किती गोळ्या मारल्या?

बोल्टउघडा

कमी. मान्य.

नऊपूर्णांकनऊ

मग मुद्दा इथेच संपतो. जुळी रायफल हा कागदावरचा विमा आहे. बाह्य मापं जुळवाल, पण बॅरल कशी जुळवणार? एकाच कारखान्यातल्या, एकामागोमाग क्रमांकाच्या दोन बॅरल घ्या. एकीला काडतुसांचा जो लॉट (एकाच वेळी बनलेली खेप) आवडतो तो दुसरीला आवडेलच असं नाही. रेस्टवर लॉट तपासून पाहिलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. .२२ मध्ये स्वतःची गोळी भरता येत नाही, कारखान्यातून जे येतं त्यातूनच निवडायचं. म्हणजे दोन रायफली, दोन लॉट, दोन साठे, आणि स्पर्धेच्या दिवशी पिशवीत कुठला डबा कुठल्या रायफलचा याचा गोंधळ.

मी म्हणतो, दुसरी रायफल नकोच. त्या पैशात एकाच लॉटची गोळी वर्षभर पुरेल एवढी घ्या, आणि सुटे भाग घ्या: फायरिंग पिन (काडतुसावर घाव घालणारी), तिची स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस बाहेर ओढणारा), एक जादा ट्रिगर युनिट घरीच वजन लावून ठेवलेलं, एक जादा डायॉप्टर. रायफल बंद पडते ती बहुतेक वेळा यातल्याच कशामुळे तरी. अख्खी रायफल कशाला?

सवतीचा_नवरा

नावावरून ओळखलं असेलच, माझ्याकडे दोन आहेत. :)

जुळ्याच आहेत, आणि माझा अनुभव बोल्टउघडांच्या विरुद्ध. ग्रुप सारखा, वजन सारखं, सगळं सारखं. पण स्पर्धेत एक नऊ आली की मन म्हणतं, 'दुसरी आणायला हवी होती.' पुढच्या वेळी दुसरी नेतो, तिच्यावर नऊ आली की पहिलीची आठवण. आधी एक रायफल होती तेव्हा चूक कुणाची हा प्रश्नच नव्हता, माझीच. आता नाचता येईना अंगण वाकडं म्हणायला मला दोन-दोन अंगणं मिळाली आहेत.

वाऱ्याचा_कल

थोडं वेगळ्या बाजूने. मी ५० मीटरवाला नाही, लांब पल्ल्याचा. आमच्याकडे दुसऱ्या रायफलचा प्रश्न चैनीचा नाही, गरजेचा आहे. तुमची .२२ ची बॅरल शिशाच्या गोळीने आणि चिमूटभर दारूने झिजत नाही, ती वर्षानुवर्षं चालते. ६ मिलिमीटर क्रीडमूरसारख्या काडतुसाची बॅरल दीड-दोन हजार गोळ्यांत गळ्याशी (काडतुसाच्या लगेच पुढे) जळते. हंगाम मनापासून खेळलात तर वर्षात एक बॅरल. म्हणून आमच्यातले बरेच जण दुसरी रायफल घेतात ती मुद्दाम .२२ ची, पण चॅसी (धातूचा सांगाडा) तोच, ट्रिगर तोच, स्कोप त्याच जातीचा, त्याच रेटिकलचा (आतल्या रेघांचा). सराव तिच्यावर, मोठी फक्त स्पर्धेला आणि झीरोला.

आणि गंमत म्हणजे .२२ वर वारा जास्त शिकायला मिळतो. १०० मीटरवरसुद्धा तिची हळू जाणारी गोळी वाऱ्याने अशी ढकलली जाते की मोठ्या काडतुसाला तेवढं ढकललं जायला कितीतरी लांब जावं लागतं.

तेव्हा माझं उत्तर: दुसरी रायफल हातात पहिलीसारखी वाटावी, पण पोटातून वेगळी असावी.

नऊपूर्णांकनऊ

तुमची गोष्ट पटली, पण ती वेगळी गोष्ट आहे. तुमची दुसरी रायफल बदली खेळाडू नाही, सरावाची आहे. बोल्टउघडांनी बदली खेळाडू घेतलाय आणि त्याला बाकावर बसवून ठेवणार आहेत. बाकावरचा गडी ऐन वेळी मैदानात उतरून सेंच्युरी ठोकेल ही आशा.

नीलिंगरोल

नऊपूर्णांकनऊ यांच्या सुट्या भागांच्या यादीवर माझी शंका आहे. फायरिंग पिन बदलायला वेळ लागतो, हात थरथरत असतात, आणि बदलल्यावर साइटर (गुण न मोजल्या जाणाऱ्या चाचणीच्या गोळ्या) मारल्याशिवाय विश्वास बसत नाही. २०२१ साली टोकियोत मनू भाकरच्या पिस्तुलात १० मीटरच्या पात्रता फेरीत बिघाड झाला, तो सगळ्यांनी पाहिला. दुरुस्ती करून परत येईपर्यंत वेळ गेला आणि उरलेल्या गोळ्या घाईत माराव्या लागल्या. ५७५ गुण, बारावा क्रमांक, फायनल हुकली. ज्याने कधी घड्याळाकडे बघत स्क्रू फिरवलाय त्याला विचारा, दुसरी तयार रायफल म्हणजे काय.

नऊपूर्णांकनऊ

आणि मी दुसरं उदाहरण देतो. अमेरिकेचा नेमबाज मॅथ्यू एमन्स. २००४ च्या ऑलिंपिकआधी निवड चाचणीच्या तोंडावर त्याच्या रायफलची कुणीतरी मोडतोड केली होती. तो अथेन्समध्ये ५० मीटर प्रोनचं सुवर्ण जिंकला ते सहकारी नेमबाजाकडून उसन्या घेतलेल्या रायफलवर. उसन्या! जुळी नाही, मोजलेली नाही, रॉड घालून चीकपीस मापलेला नाही.

बोल्टउघडा

मोजलेली नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं? निवड चाचणीपासून ऑलिंपिकपर्यंत काही महिने असतात. तेवढ्या काळात कुठलाही नेमबाज रायफल आपल्या मापाची करूनच घेईल. उलट हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे: दुसऱ्या रायफलला वेळ दिला की ती पहिली होते.

सवतीचा_नवरा

त्याच एमन्सने त्याच ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशनच्या फायनलची शेवटची गोळी शेजारच्याच्या टार्गेटवर मारली. आघाडीवर होता, आठवा आला. त्याला दहा रायफली दिल्या असत्या तरी काय फरक पडला असता?

डावा_डोळा

१० मीटरवाल्यांसाठी एक ओळ: दुसरी एअर रायफल घेण्याआधी दुसरा हवेचा सिलेंडर घ्या आणि त्यावरची तारीख वाचा. दहा वर्षांच्या पुढचा सिलेंडर स्पर्धेत चालत नाही. एअर रायफलची बॅरल झिजत नाही, झिजतात सील. माझ्या ओळखीतली एक मुलगी नवीकोरी दुसरी रायफल घेऊन आली होती आणि दोन्ही सिलेंडर मुदत संपलेले.

वाऱ्याचा_कल

@बोल्टउघडा, कलण्याचा मुद्दा आवडला. आमच्याकडे स्कोपवर पाणसळ लावतात ती याचसाठी. पण एक विचारतो. दोन रायफलींच्या साइटचे क्लिक (साइट सरकवताना लागणारे टप्पे) सारखे आहेत का? काही डायॉप्टरना एका फेरीत दहा क्लिक असतात, काहींना वीस. वारा आला, सवयीने चार क्लिक दिले आणि निम्मंच सरकलं, तर जुळेपण तिथेच संपलं.

बोल्टउघडा

दोन्हींवर एकाच मॉडेलची साइट आहे, पण तुमच्या प्रश्नानंतर प्रत्यक्ष मोजलं. वीस क्लिक डावीकडे, पाच गोळ्या, वीस परत. जुनीवर ग्रुप बरोब्बर जागेवर परत आला. नवीवर दीड-दोन मिलिमीटर अलीकडे राहिला. उलट दिशेने फिरवताना पहिला अर्धा क्लिक पोकळ जातो. नवीच साइट ढिली निघाली! आता ती बदलून मिळते का बघतो.

नऊपूर्णांकनऊ

बघा. महिनाभरानंतर आता कुठे साइटचा दोष सापडला. ऐन स्पर्धेत सापडला असता तर?

नीलिंगरोल

अहो, पण सापडला तो जुळवत बसल्यामुळेच ना? एकच रायफल असलेल्याला आपली साइट पोकळ चालते हे कधी कळणारच नाही, तुलनेला काही नसतं. मी तर म्हणते दुसऱ्या रायफलचा सगळ्यात मोठा फायदा हाच. ग्रुप अचानक उघडला तर दोष माझा, गोळीचा की बॅरलचा हे दहा मिनिटांत ठरवता येतं. तोच लॉट दुसरीतून मारायचा. ती नीट मारतेय, तर पहिलीचे बेडिंग स्क्रू (रायफल स्टॉकला धरून ठेवणारे) बघायचे. तीही पसरवतेय, तर घरी जाऊन झोपायचं.

सवतीचा_नवरा

'घरी जाऊन झोपायचं' हे दोन्ही रायफलींच्या पेटीत चिकटवून ठेवतो.

नऊपूर्णांकनऊ

दोष शोधायला दुसरी रायफल, हे मान्य. एवढ्यापुरतं मत बदललं. पण बोल्टउघडांचा दावा तो नव्हताच. त्यांचा दावा असा की ऐन वेळी ती उचलली तर शरीराला कळणार नाही. तर करून बघा. क्लबमधल्या कुणालातरी सांगा, तुमच्या हातात कुठलीही एक रायफल द्यायला. क्रमांकावर टेप लावा, प्रोनला पडा, डोळे मिटा, गाल टेकवा आणि सांगा कुठली. दहा वेळा. निम्म्या वेळा चुकलात तर मी हरलो.

बोल्टउघडा

ठरलं. रविवारी.

बोल्टउघडा

केलं. दहापैकी दहा बरोबर सांगितल्या. म्हणजे मी हरलो.

पण कशावरून ओळखल्या ते ऐका. गाल टेकवला, काही फरक नाही. बटप्लेट, नाही. ट्रिगरचा पहिला टप्पा, दुसरा टप्पा, नाही. पहिल्या वेळी अंदाजच करणार होतो. मग डोळे मिटूनच बोल्ट मागे घेतला, आणि बोटांना कळलं. जुन्या रायफलच्या बोल्टच्या मुठीवरचे खाचे सहा वर्षांत पार घासून गेलेत, ती गोटीसारखी गुळगुळीत झालीये. नवीची मूठ अजून खरखरीत आहे. नंतर उरलेल्या नऊही वेळा तेवढंच केलं. बाकी कशानेही सांगता आलं नसतं.

नऊपूर्णांकनऊ

हे हरणं आहे की जिंकणं ते मला कळेना.

सवतीचा_नवरा

बोल्टांची अदलाबदल करून टाका, प्रश्न मिटला.

नीलिंगरोल

अजिबात नाही! बोल्ट त्या-त्या बॅरलला बसवलेला असतो. अदलाबदल केली की हेडस्पेस (काडतुसासाठी बोल्टपुढे राहणारी जागा) बदलते, आणि .२२ मध्ये पिनचा घाव रिमवर (काडतुसाच्या कडेवर) बसतो, तिथे केसभराचाही फरक ग्रुपमध्ये दिसतो. फक्त मूठ फिरवून निघते. ती बदला.

बोल्टउघडा

मूठ निघते, बघितलं. पण जुनी नवीवर लावायची, की नवी घासत बसायची?

वाऱ्याचा_कल

जुनी नवीवर लावा. नवी मूठ जुनीवर. मग रविवारी पुन्हा डोळे मिटा.