मदत हवी आहे: ३ लाख किमी झालेलं डिझेल इंजिन, ऑइल रिपोर्टमध्ये लोखंड दुप्पट. इंजिन उघडावं का?

नमस्कार मंडळी,

वापरलेल्या इंजिन ऑइलच्या लॅब रिपोर्टवरून इंजिनाची झीज कितपत कळते आणि त्यावर किती विसंबायचं, हे समजून घ्यायचंय. एक मोठा निर्णय अडून बसलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी टर्बो डिझेल, २.० लिटर, चार सिलिंडर. मीटर ३,१२,००० किमीवर. इंजिन आजवर एकदाही उघडलेलं नाही. ऑइल ५डब्ल्यू-४०, कायम एकाच कंपनीचं. चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) साडेपाच लिटर बसतं. गाडी जास्त करून लांबच्या प्रवासाला जाते, गावातल्या छोट्या फेऱ्या कमी.

गाडी अजून बरीच वर्षं ठेवायची इच्छा आहे, म्हणून ऑइल बदलताना नमुना लॅबला पाठवायला सुरुवात केली. दोन रिपोर्ट हातात आहेत. पहिला ३,०३,००० किमीला, तेव्हा ऑइल ८,००० किमी चाललेलं. दुसरा आत्ताचा, ऑइल ९,००० किमी चाललेलं. आकडे पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती), आधी पहिला रिपोर्ट आणि मग दुसरा:

लोखंड ३४, आता ७१
क्रोमियम २, आता ६
ॲल्युमिनियम ५, आता १४
तांबं ६, आता ७
शिसं ३, आता ३
सिलिकॉन ८, आता ३१
सोडियम ६, आता ७
पोटॅशियम १, आता २
१०० अंश सेल्सिअसला व्हिस्कॉसिटी (दाटपणा) १३.६, आता १३.२ सेंटिस्टोक

काजळी आणि ऑइलमध्ये मिसळलेलं डिझेल, दोन्ही लॅबच्या मर्यादेत आहेत. दुसऱ्या वेळी मधे साधारण एक लिटर ऑइल वरून टाकावं लागलं. पहिल्या वेळी जवळजवळ काहीच नाही.

चालवताना मला तरी काही फरक जाणवत नाही. थंडीतही पहिल्या सेल्फला चालू होते, ॲव्हरेज तेच आहे. चढावर जोर लावला की मागून क्वचित निळसर धूर दिसतो, तोही आरशात लक्ष ठेवून बसलं तरच. दोन रिपोर्टांच्या मधे एकच काम झालं: टॅपेट कव्हरमधून (इंजिनावरचं झाकण) ऑइल झिरपत होतं, म्हणून एका गॅरेजमध्ये पॅकिंग बदलून घेतलं.

रिपोर्ट दाखवल्यावर मेकॅनिकचं म्हणणं पडलं, "लोखंड डबल झालं म्हणजे लायनर गेले. रिंग-पिस्टन करून टाका, नंतर क्रँक पण जाईल." (लायनर म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, क्रँक म्हणजे पिस्टननी फिरणारा मुख्य दांडा, रिंगा पिस्टनभोवती बसतात.) लॅबच्या शेऱ्यात फक्त 'झीज वाढलेली, लक्ष ठेवा' एवढंच आहे. लक्ष ठेवायचं म्हणजे नक्की काय करायचं, ते कुठेच लिहिलेलं नाही.

नुसत्या या आकड्यांवरून इंजिन उघडणं योग्य होईल का? सिलिकॉन कुठून आलं असेल? मी कुठेतरी वाचलं की पॅकिंगला लावतात त्या सिलिकॉन पेस्टमुळेही आकडा वाढतो, तसं असेल का? आणि उघडण्याआधी आणखी कोणत्या तपासण्या करून घेऊ? आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १ (लांबपल्ला)

आधी आकडे किलोमीटरला भागून बघा. ३४ ला ८ ने भागलं तर हजार किमीला सव्वाचार, ७१ ला ९ ने भागलं तर जवळपास आठ. म्हणजे वाढ खरीच आहे, नुसतं ऑइल जास्त चाललं म्हणून दिसतेय असं नाही. त्यात तुम्ही एक लिटर ताजं ऑइल ओतलंय. त्यानं आकडा पातळ होतो, तेव्हा खरी वाढ याहून थोडी जास्तच धरा.

पण दोन रिपोर्टांवर कल ठरत नाही. तीन-चार हवेत, तेही एकाच लॅबचे, एकाच ऑइलचे आणि दर वेळी तशाच पद्धतीने घेतलेल्या नमुन्याचे. नमुना कसा घेतला होता?

धागाकर्ता

गाडी गरम करून, ड्रेन प्लग काढल्यावर थोडं ऑइल जाऊ दिलं आणि मधल्या धारेतलं लॅबच्या बाटलीत घेतलं. दोन्ही वेळा असंच.

प्रतिसाद २ (तेलतपासणी)

नमुना बरोबर घेतलाय. अगदी पहिल्या धारेत तळाचा गाळ येतो, आणि थंड इंजिनातून घेतलं तर जड कण खाली बसलेले असतात. हे दोन्ही तुम्ही टाळलंत, तेव्हा आकड्यांवर भरवसा ठेवायला हरकत नाही. मी बरीच वर्षं जनरेटर आणि ट्रकच्या इंजिनांचे ऑइल रिपोर्ट वाचतोय, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करू. ऑइल रिपोर्ट बँकेच्या खात्यातला खर्चाचा वेग दाखवतो, शिल्लक दाखवत नाही. तीन लाख किमीत लायनर किती झिजले हे त्यात येत नाही, कारण ते लोखंड आधीच्या प्रत्येक ऑइलबरोबर निघून गेलंय. रिपोर्टमध्ये दिसते ती या ९,००० किमीतली झीज. म्हणून कॉम्प्रेशन गेलेल्या इंजिनाचाही रिपोर्ट स्वच्छ येऊ शकतो, आणि ठणठणीत इंजिनाचा बिघडलेला. "लोखंड डबल म्हणजे लायनर गेले" ही उडी इथेच चुकते. लायनर जास्त वेगाने झिजतायत, इतकंच यावरून म्हणता येईल.

आकडा केवढा मोठा आहे तेही बघा. साडेपाच लिटर ऑइल म्हणजे पावणेपाच किलोच्या आसपास. त्यात ७१ पीपीएम म्हणजे सगळं मिळून साधारण एक तृतीयांश ग्रॅम लोखंड, तेही लायनर, क्रँक, कॅम, गिअर सगळीकडून आलेलं. एवढ्यानं इंजिन संपत नाही. पण हा वेग तसाच राहू दिला तर इंजिन नक्की लवकर म्हातारं होईल.

आता कोण वाढलं आणि कोण जागेवर राहिलं ते एकत्र वाचा. माझ्या मते तुमच्या रिपोर्टचा सगळा अर्थ त्यात आहे. लोखंड वाढलं, क्रोमियम वाढलं, ॲल्युमिनियम वाढलं. लोखंड मुख्यतः लायनरचं, क्रोमियम रिंगांचं, ॲल्युमिनियम पिस्टनचं. म्हणजे घासाघीस सिलिंडरच्या वरच्या भागात चाललीय. तांबं आणि शिसं जागेवर आहेत, म्हणजे क्रँकची बेअरिंगं सध्या तरी शांत आहेत. सोडियम-पोटॅशियम हलले नाहीत, म्हणजे कूलंट आत शिरत असल्याची खूण नाही. व्हिस्कॉसिटी ४० ग्रेडच्या पट्ट्यात आहे (१२.५ ते १६.३), त्यामुळे डिझेल मिसळून ऑइल पातळ झालंय असंही नाही.

आणि या तिघांच्या बरोबर सिलिकॉन ८ वरून ३१. माझा अंदाज स्पष्ट सांगतो: धूळ आत जातेय. रस्त्यावरची धूळ म्हणजे बहुतांशी सिलिका, सोबत थोडा ॲल्युमिना. ती हवेबरोबर सिलिंडरमध्ये शिरते आणि रिंग-लायनरच्या मधे पॉलिश पेपरसारखं काम करते. तुमच्या ॲल्युमिनियममधलंही थोडं धुळीचंच असणार.

पॅकिंगच्या पेस्टची शंका रास्त आहे. ताज्या पेस्टमधून सिलिकॉन ऑइलमध्ये उतरतंच. पण ती पेस्ट काही घासत नाही. तसं असतं तर सिलिकॉन एकटंच वाढलं असतं आणि लोखंड-क्रोमियम जागेवर राहिले असते. इथे चौघं हातात हात घालून वर गेलेत.

टॅपेट कव्हर काढताना बऱ्याच गाड्यांत एअर फिल्टरच्या डब्याकडून टर्बोकडे जाणारा होज काढावा लागतो. तो परत नीट बसला का, हे आधी तपासा. फिल्टर आणि टर्बो यांच्या मधल्या भागात हवा आत खेचली जात असते. तिथे बारीक फट राहिली तरी बाहेरची न गाळलेली हवा थेट आत जाते. टर्बोच्या पुढे गळती असेल तर इंजिन चालू असताना हवा बाहेर फेकली जाते, ताकद कमी होते, शिट्टीसारखा आवाज येतो. ती गळती लगेच लक्षात येते. हवा खेचणाऱ्या बाजूची मात्र काहीच बोलत नाही, म्हणून तुम्हाला चालवताना फरक जाणवला नाही.

प्रतिसाद ३ (रिंगस्पॅनर)

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. आधी होज बघा, इंजिन नंतर. होज काढून आतून पांढरं फडकं फिरवा. फिल्टरच्या पुढचा भाग आतून स्वच्छ हवा. ब्रीदरमुळे (इंजिनातली वाफ हवेच्या वाटेत सोडणारी नळी) थोडा तेलकटपणा चालेल, पण बोटाला खर लागली तर चोर सापडला. फिल्टरची रबरी कडही बघा, आणि फिल्टर कॉम्प्रेसरच्या हवेने झटकून पुन्हा वापरत असाल तर ते बंद करा. जोराच्या हवेने कागदाला भोकं पडतात, ती डोळ्याला दिसत नाहीत.

एक मोठी त्रुटी राहते ती म्हणजे लॅबचं मशीन फक्त बारीक कण मोजतं. साधारण ५ ते ८ मायक्रॉनच्या वरचे कण त्यात नीट येत नाहीत. बेअरिंगचा पापुद्रा निघायला लागला तर ते तुकडे ऑइल फिल्टरमध्ये अडकतात आणि रिपोर्टमध्ये शिसं नॉर्मल दिसत राहतं. म्हणून पुढच्या वेळी ऑइल फिल्टर उघडून बघाच. डब्याचा असेल तर फिल्टर कटरने कापा. करवतीने कापू नका, करवतीचाच कीस आत पडतो आणि उगाच घाबरायला होतं. कागद सुरीने वेगळा करा, घड्या उलगडा, ऑइल निथळू द्या आणि उन्हात तिरपा धरा. चमचम करणारे कण दिसले तर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. चिकटले ते लोखंडी. चिकटले नाहीत आणि सोनेरी किंवा रुपेरी पापुद्रे असतील, तर बेअरिंगकडे संशय न्या. कागद नुसता काळा असेल तर ती काजळी, डिझेलमध्ये ती असणारच.

शिल्लक किती आहे हे बघायचं तर कॉम्प्रेशन टेस्ट करा, डिझेलच्याच गेजने. पेट्रोलचं गेज एवढा दाब मोजत नाही. चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का, हे जास्त महत्त्वाचं. एखादा मागे पडला तर त्यावर लीक-डाउन करा: पिस्टन वरच्या टोकाला आणून आत हवा भरायची आणि ती कुठून निघते ते ऐकायचं. ऑइल टाकायच्या झाकणातून फुसफुसली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इनटेकमधून आली तर इनलेट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. जोडीला गरम इंजिनावर, आयडलला, ऑइल प्रेशर काट्याच्या गेजने मोजून घ्या. या सगळ्याला दिवसभरही लागत नाही आणि इंजिन उघडावं लागत नाही.

धागाकर्ता

मंडळी, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही. आज दुसऱ्या एका मेकॅनिककडे होज काढून बघितला. टर्बोच्या तोंडाशी बसणारी त्याची कड एका बाजूला दुमडलेली होती आणि क्लॅम्प त्या दुमडलेल्या भागावरच आवळलेला. वरून हात लावला तर एकदम घट्ट वाटायचं. फडकं आत फिरवल्यावर त्या जागेपासून पुढे तपकिरी खर निघाली, फिल्टरकडची बाजू स्वच्छ. नवा होज आणि नवा क्लॅम्प टाकला. टर्बोची पाती बघून घेतली, कडा शाबूत आहेत, शाफ्टला आडवा खेळ नाही.

कॉम्प्रेशनही झालं. तीन सिलिंडर एकमेकांना धरून आहेत, तिसऱ्या नंबरचा किंचित खाली आहे, पण मॅन्युअलमध्ये दिलेल्या फरकाच्या आत. ऑइल प्रेशर मॅन्युअलप्रमाणे.

आता प्रश्न असा की दुसरा नमुना घेतला तेव्हाच नवीन ऑइल भरलंय, पण रिपोर्ट येईपर्यंत आणि होज बदलेपर्यंत गाडी त्यावर चालली. हेच ऑइल पुढे चालवू का? आणि पुढचा नमुना कधी घेऊ? एखादं फ्लशिंग (इंजिन आतून धुणं) करून घ्यावं का?

प्रतिसाद ४ (तेलतपासणी)

वाचून खरंच बरं वाटलं. ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही आत्ताच बदला. आत गेलेली बारीक धूळ फिल्टर पूर्ण पकडत नाही, ती ऑइलबरोबर बेअरिंगांपर्यंत फिरत राहते. तुमची बेअरिंगं अजून चांगली आहेत, ती तशीच ठेवूया. काढलेला फिल्टर उघडून बघायला हीच संधी.

फ्लशिंग नको. इतक्या चाललेल्या इंजिनात जुना थर एकदम सुटला तर बारीक वाटांमध्ये अडकू शकतो, आणि पुढचे आकडेही गोंधळात टाकतील. त्याच कारणासाठी ऑइलची कंपनी किंवा ग्रेड आत्ता बदलू नका. वेगळ्या ऑइलमधली रसायनं वेगळी असतात, त्यानेही तांब्यासारखे आकडे हलतात आणि मागच्या रिपोर्टांशी तुलना करता येत नाही.

नव्या ऑइलवर ४,००० किमी झाले की नमुना घ्या. ऑइल काढायची गरज नाही, डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने, गरम इंजिनातून काढा. नळी प्रत्येक वेळी नवी वापरा आणि चेंबरच्या तळाला टेकवू नका. मात्र पुढचे नमुने तुम्ही पुन्हा ड्रेनमधून घेणार असाल तर या रिपोर्टवर तशी नोंद ठेवा. वरून ऑइल टाकलं तर किती टाकलं तेही लिहून ठेवा, आणि टाकल्याटाकल्या नमुना घेऊ नका.

त्या रिपोर्टमध्ये लोखंड लगेच जुन्या पातळीवर आलं नाही तरी घाबरू नका. ऑइल काढलं तरी थोडं जुनं आत राहतंच, त्याचे अंश नव्यात उतरतात. सिलिकॉन आधी खाली यायला हवं. ते आलं आणि हजार किमीमागचं लोखंड उतरणीला लागलं, की इंजिन उघडायचा विषय संपला. सिलिकॉन खाली येऊनही लोखंड आणि क्रोमियम चढत राहिले, किंवा ऑइल पिण्याचं प्रमाण वाढत गेलं, तर तिसऱ्या नंबरवर लीक-डाउन करा आणि मग रिंगांचं बोलू. आणि कधीही शिसं-तांबं जोडीनं वर गेलं किंवा फिल्टरमध्ये न चिकटणारे पापुद्रे दिसले, तर पुढच्या रिपोर्टची वाट न पाहता गाडी उभी करा आणि चेंबर उतरवून बेअरिंगं बघा.

धागाकर्ता

ठीक. उद्याच ऑइल आणि फिल्टर बदलतो, फिल्टर कापून फोटो इथे टाकतो. तिसरा रिपोर्ट आला की याच धाग्यावर आकडे देईन.