डीजीचे कार्बन : झिजलेत की अडकलेत?

*सचिव (ए-१०२):* नमस्कार मंडळी. काल रात्री लाईट गेल्यावर डीजीवर (सोसायटीच्या डिझेल जनरेटरवर) सगळ्यांचे दिवे मंद-प्रखर होत होते. सकाळी मेकॅनिक येऊन गेला. म्हणतो, कार्बन (म्हणजे आतले कार्बनचे ब्रश) गेलेत, चारही बदलूया, रिंगाही घासून चकचकीत करून देतो. हो म्हणू का? चवथीच्या आत काम आटपायला हवं.

*बी-३०१:* सचिवबाब, आधी एक सांगा. व्होल्टेज नाचत होतं तेव्हा हर्ट्झही (इंजिनाच्या वेगाबरोबर बदलणारी वारंवारता) नाचत होते का? हर्ट्झ वर-खाली होत असतील तर दोष इंजिनाकडे, म्हणजे डिझेल फिल्टर तुंबलाय, लाइनीत हवा शिरलीय किंवा वेग सांभाळणारा गव्हर्नर बिघडलाय. हर्ट्झ ठाम आणि फक्त व्होल्ट हलत असतील तरच ब्रश, ते ज्या फिरत्या रिंगेला टेकून करंट पोचवतात ती रिंग आणि एव्हीआर (व्होल्टेज सांभाळणारं सर्किट) यांच्याकडे बघायचं.

*सचिव (ए-१०२):* वॉचमनने पॅनेलचा व्हिडिओ काढलाय. हर्ट्झ ५०.५ वर स्थिर. व्होल्ट १९५ ते २४०.

*बी-३०१:* मग ब्रशवरचा संशय रास्त आहे. पण "गेलेत" म्हणजे किती मिलिमीटर उरलेत?

*सचिव (ए-१०२):* मोजले नाहीत. टॉर्च मारून बघितले फक्त.

*ए-४०३:* येतोच आहे तो, तर टाकीच्या पंपाचे कार्बनही बदलून घ्या. नुसता गुणगुणतो, फिरत नाही.

*सी-२०४:* वहिनी, पंपाला कार्बन नसतात, ती इंडक्शन मोटर. गुणगुणते आणि फिरत नाही म्हणजे बहुधा कपॅसिटर, नाहीतर इंपेलर (पाणी ढकलणारा आतला पंखा) जाम. तसा चालू ठेवू नका, वाइंडिंग जळेल. घरात कार्बन असतात ते मिक्सर, ड्रिल, व्हॅक्यूम क्लीनर आणि गाडीच्या स्टार्टर-अल्टरनेटरमध्ये. नवे डीजी बहुतेक ब्रशलेस येतात. आपला २५ केव्हीए जुना, दोन स्लिप रिंगा, प्रत्येकीवर दोन ब्रश.

*ए-४०३:* केस नाहीत, दांडा नाही, तरी ब्रश?

*बी-३०१:* केस होते एके काळी. पहिल्या डायनॅमोंना तांब्याच्या तारांचे झुबके लावत. ठिणग्या उडत आणि कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो फिरता तांब्याचा भाग) खरवडून निघे. कार्बन लावायचं पेटंट जॉर्ज फोर्ब्सने १८८५ मध्ये घेतलं. केस गेले, नाव राहिलं.

सचिवबाब, वॉचमनकडून लांबी मोजून घेता का? व्हर्नियर माझ्याकडे आहे.

*सी-२०४:* थांबा, आधी सुरक्षा. आपल्या पॅनेलला ऑटो स्टार्ट आहे. कव्हर उघडलेलं असताना लाईट गेली तर मशीन आपोआप सुरू होईल आणि बोटं आत असतील. सिलेक्टर ऑफवर ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह सोडवा, मगच हात घाला. ब्रश बाहेर काढताना कुठला कुठल्या होल्डरमधला आणि कुठल्या बाजूने बसला होता त्याची खूण करा. उलटा बसला तर घासून जमलेली गोलाई रिंगेशी जुळत नाही.

*सचिव (ए-१०२):* सगळं बंद करून मोजलं. बेअरिंगकडची रिंग: २१ आणि २१.५ मिमी. बाहेरची रिंग: १३ आणि २४ मिमी. कपाटातला नवा ब्रश ३२ मिमी भरला.

*बी-३०१:* सापडलं. आता सांगा, बाहेरच्या रिंगेचा आजारी ब्रश कुठला?

*ए-४०३:* १३ वाला. अर्ध्याहून जास्त संपलाय.

*बी-३०१:* नाही वहिनी, २४ वाला! तो होल्डरमध्ये अडकलाय, रिंगेला नीट टेकतच नाही, म्हणून नवा दिसतो. त्याच्या वाटणीचा करंट शेजाऱ्याने वाहिला आणि शेजारी झिजला. आता १३ वाल्याची स्प्रिंगही तिच्या पल्ल्याच्या टोकाशी आलीय, दाब कमी पडतोय, संपर्क तुटतो-जुळतो. म्हणून व्होल्टेज नाचतं. नुसते चार नवे घातले तर अडकणारा होल्डर तसाच राहील आणि पुढच्या पावसाळ्यात हीच चर्चा इथेच करू.

*सी-२०४:* अगदी. होल्डर आतून बघा. कार्बनची पूड आणि ओलावा मिळून चिकट काजळी होते, शिवाय आपल्याकडची खारी हवा पितळेवर हिरवट थर आणते. ब्रश स्वतःच्या वजनाने होल्डरमधून सरकन खाली यायला हवा. दोघांत ०.१ ते ०.३ मिमी फट लागते. होल्डर कोरड्या कापडाने आणि लाकडी पट्टीने साफ करा. ब्रशला कानस लावून बारीक करायचा नाही. गंज सोडवायचा स्प्रे तर अजिबात नको. तेल ब्रश पितो, पूड त्याला चिकटते आणि आठवडाभरात तो पुन्हा अडकतो. कंप्रेसरची हवाही नको, पूड वाइंडिंगमध्ये जाऊन बसते. व्हॅक्यूम लावा.

*सचिव (ए-१०२):* स्प्रिंग बरोबर आहे की नाही हे कसं कळणार?

*बी-३०१:* मासळी तोलायचा छोटा स्प्रिंग-काटा चालेल. ब्रश आणि रिंगेमध्ये कागदाची पट्टी घाला, काट्याच्या हुकाने स्प्रिंग हळूहळू मागे ओढा. पट्टी ज्या क्षणी सहज सुटते तो आकडा वाचा. साधारण १८० ते २०० ग्रॅम दर चौरस सेंटिमीटरला. आपला ब्रश २० × १० मिमी, म्हणजे २ चौ. सेंमी, म्हणून ३६० ते ४०० ग्रॅम. चारही स्प्रिंगांत १० टक्क्यांहून जास्त फरक नको. स्प्रिंग ढिली असेल तर ठिणगीने झीज होते, जास्त कडक असेल तर घासून. लोक दाब वाढवून ठिणगी थांबवतात, पण त्याने रिंग खाल्ली जाते.

*डी-१०१:* रिंगा घासून चकचकीत करायचं काय? त्याचे वेगळे पैसे सांगितलेत.

*सी-२०४:* रिंगेचा फोटो टाका आधी.

*सचिव (ए-१०२):* [फोटो] सगळीकडे सारखा तपकिरी रंग. एका जागी काळसर चौकोनी डाग.

*सी-२०४:* मग हात लावू देऊ नका! ती तपकिरी झिलई म्हणजे घाण नव्हे. धातूचा ऑक्साइड, ग्रॅफाइट आणि हवेतला ओलावा यांचा तो पातळ थर, आणि ब्रश त्याच्यावरच चालतो. चकचकीत रिंगेवर नवा ब्रश झपाट्याने झिजतो, कारण थर पुन्हा बसेपर्यंत कार्बन उघड्या धातूवर घासतो. दुसऱ्या महायुद्धात उंचावर उडणाऱ्या विमानांचे ब्रश काही तासांत पूड होऊन संपत, कारण तिथल्या कोरड्या हवेत हा थर टिकतच नव्हता. गोव्यात ती भीती नाही. आपली अडचण उलटी: ओल, मीठ आणि आठवडेच्या आठवडे बंद पडलेलं मशीन.

तो चौकोनी डाग ब्रशच्या मापाचा आहे ना? बंद असताना ब्रश त्याच जागी टेकून राहिला, ओल धरली आणि धातूला डाग पडला. नखाला खड्डा लागत नसेल तर तेवढाच भाग हलक्या हाताने पुसा. खड्डा लागत असेल तर मात्र रिंग लेथवर लावावी लागेल. रिंग घासायची की नाही हे ठरवायला बघायची गोष्ट म्हणजे चरे, तांब्याच्या रंगाचे ओरखडे आणि जळून काळे झालेले ठिपके. आणि दर आठवड्याला १५ मिनिटं डीजी लोडवर चालवायचा, नुसता रिकामा नाही.

*ए-३०२:* मे महिन्यात डीजी रूमच्या खिडकीला सिलिकॉन भरलं होतं, पाणी गळत होतं म्हणून. त्याचा काही संबंध?

*बी-३०१:* भाऊ, प्रश्न छान विचारलात. असू शकतो. सिलिकॉन सुकताना निघणारी वाफ ब्रशपाशी जळते आणि सिलिका होते, म्हणजे वाळूच. बंद खोलीत अशाने ब्रश भराभर झिजतात. पण मग चारही झिजायला हवे होते. इथे एकच इतका जास्त झिजलाय, म्हणून माझा दोष अडकलेल्या होल्डरलाच. पुढच्या वेळी सिलिकॉन भरलं तर पूर्ण सुकेपर्यंत दारं-खिडक्या उघड्या ठेवा आणि डीजी लावू नका.

*सचिव (ए-१०२):* ठरलं. नवे किती आणायचे?

*बी-३०१:* चारही, एकाच ग्रेडचे. ग्रेड ब्रशवर कोरलेली असते, ती जुळवा. मापाला बसतो म्हणून दुसऱ्या मशीनचा घासून घालू देऊ नका. जुना २१ वालाही चालला असता, मूळ लांबीच्या एक तृतीयांशपर्यंत, म्हणजे इथे ११ च्या आसपास थांबायचं. त्याखाली पिगटेलचा (ब्रशमधून निघणाऱ्या लवचिक तारेचा) रिव्हेट रिंगेला टेकला की ब्रशच्या पैशांत रिंग जाते.

बसवताना काचकागद रिंगेवर गुंडाळा, खरखरीत बाजू ब्रशकडे. फिरण्याच्या दिशेनेच ओढा, परत नेताना ब्रश उचला. सरळ ओढला तर कडा गोल होतात, रिंगेच्या वळणाने ओढा. आधी ८० नंबर, मग १५०. तीन चतुर्थांश तोंड टेकलं की पुरे. एमरी पेपर नको, त्याचे कण वीज वाहतात आणि कार्बनमध्ये रुतून बसतात. होल्डर रिंगेपासून २ ते ३ मिमीवर ठेवा.

*सी-२०४:* शेवटी एव्हीआरच्या दोन्ही तारा सोडून ब्रशांवर मल्टीमीटर लावा आणि शाफ्ट हाताने सावकाश फिरवा. ओहमचा आकडा उडता कामा नये. मग ५०० व्होल्ट मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) फील्ड, म्हणजे फिरतं वाइंडिंग, आणि शाफ्टमध्ये, १ मेगाओहमच्या वर हवा. एव्हीआर जोडलेला असताना मेगर मारलात तर एव्हीआर जाईल.

*डी-१०१:* ब्रश संपत आला की दिवा लागेल असं काही नसतं का?

*सी-२०४:* असतं. ब्रशच्या आत इन्सुलेटेड तार घालतात. झिजून तार रिंगेला टेकली की सिग्नल जातो. काही ठिकाणी स्प्रिंगच्या हाताशी मायक्रोस्विच असतो. चांगल्या ड्रिलमध्ये तर ब्रश मर्यादेला आला की आतली खिट्टी त्याला उचलते आणि मशीन बंद. पण चार ब्रशांसाठी त्याच्यावर खर्च कशाला, वही पुरे. तारीख, अवर मीटर (मशीन चाललेले तास), चार लांब्या. समजा ४०० तासांत २ मिमी गेला, तर ३२ पासून १२ पर्यंत ४००० तास मिळतात. त्याच मशीनवर १०० तासांत २ मिमी गेला, किंवा एकाच रिंगेवरच्या जोडीत ३ मिमीचा फरक दिसला, की दुसऱ्या दिवशी होल्डर उघडायचा. अडकलेला ब्रश दिव्याने कळत नाही, तो झिजतच नाही ना. तो वहीतच दिसतो.

*सचिव (ए-१०२):* मेकॅनिकला रविवारी १० वाजता बोलावतो. चार ब्रश, होल्डर सफाई, रिंगेला हात नाही, पंपाचा कपॅसिटर वेगळा. काका, तुम्ही खाली येणार ना?

*बी-३०१:* येतो. काटा कोणाकडे आहे?

*ए-४०३:* माझ्याकडे आहे. धुऊन परत द्या म्हणजे झालं.