उरणच्या खडपावर फळी घेऊन जाणारा मी एकटाच वेडा का?

उलवेकर

गेल्या रविवारी उरण लोकलच्या मालडब्यात सात फुटी सर्फबोर्ड उभा धरून चाललो होतो. पाट्या घेऊन बसलेल्या एका मावशींनी विचारलं, "इस्त्रीची फळी का रे?" म्हटलं, यावर लाटेवर उभं राहायचं असतं. त्यांनी बोर्डाकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि पाटी जरा पलीकडे ओढून घेतली.

सर्फिंग मी कर्नाटकात मंगळूरजवळच्या मुळकीला शिकलो, तीन सुट्ट्यांत मिळून. तिथे तळ वाळूचा, पडलो तर फार तर नाकात पाणी. गेली दोन वर्षं नवी मुंबईतल्या उरणच्या पश्चिम किनाऱ्यावर एक जागा बघून ठेवली आहे. नाव लिहीत नाही, उगाच गर्दी नको. काठापासून शंभरेक मीटरवर काळ्या कातळाची जीभ, म्हणजे खडप, पाण्यात गेली आहे. पाणी नेमक्या उंचीला आलं की लाट तिच्या टोकावर उभी राहते, एका बाजूने फुटायला लागते आणि उलगडत काठाकडे येते. वाळूवरची लाट आज इथे तर पुढच्या महिन्यात तिथे, कारण वाळूच सरकते. कातळ हलत नाही, म्हणून लाट रोज त्याच जागी. दोन कोटींच्या वस्तीला लागून ही चीज आहे आणि आपण समुद्रावर जाऊन कणीस खातो.

तर तक्रार अशी. पावसाळा लागला की किनाऱ्यावर सरसकट बंदीचा फलक. बाटली घेऊन आलेल्या टोळक्याला आणि हेल्मेट, बूट, पायाला लीश (बोर्डाची दोरी) बांधून आलेल्या माणसाला नियम एकच. रविवारी जीवरक्षकाने शिट्टी मारमारून मला बाहेर काढलं. तयारीने आलेल्याला आपल्या जबाबदारीवर आत जाऊ द्यावं, असं माझं मत. पटतंय का?

खारे_वारे

फलक बाजूला ठेवू. तुमच्या लाटेबद्दलच शंका आहे. अकरा वर्षं हा खेळ खेळतोय, ऐरोलीत राहतो, म्हणजे मीही तुमच्यासारखाच समुद्राविना तडफडणारा.

दीड मीटरची लाट साधारण दोन मीटर पाण्यात फुटते. उधाणाच्या दिवसांत आपल्याकडे भरती-ओहोटीत चार मीटरपेक्षा जास्त फरक पडतो आणि मधल्या दोन तासांत पाणी तासाला मीटरभर चढतं. ज्या कातळावर आत्ता दोन मीटर पाणी आहे तिथे तासाभरापूर्वी एकच होतं, तासाभराने तीन असेल. एक मीटर असेल तर लाट तुम्हाला सरळ कातळावर आपटणार. तीन झालं की ती फुटतच नाही, पायाखालून सरकून जाते. म्हणजे तुमची लाट चाळीसेक मिनिटांची. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकचं सर्फिंग ताहितीत तेआहूपोओला झालं, प्रवाळावर. लाट भयंकर, पण तिथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर, त्यामुळे खाली किती पाणी आहे ते दिवसभर माहीत असतं. आपल्याकडे दर दहा मिनिटांनी प्रश्नपत्रिका बदलते.

त्यात वारा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ना? लाटेची भिंत स्वच्छ उभी राहायला जमिनीकडून येणारा मतलई हवा. पावसाळ्यात वारा नैऋत्येचा, समुद्राकडून, तोही दिवसरात्र. लाट उभी राहायच्या आधीच मोडते. मतलई सुटतो हिवाळ्यात, पहाटे, आणि तेव्हा समुद्र ताटातल्या पाण्यासारखा. शिवाय समुद्रबूड जमीन मुंबईसमोरच सर्वात रुंद, जवळजवळ ३०० किलोमीटर. लांबून येणारी लाट एवढ्या उथळावरून घासत येता येता अर्धी दमलेली असते. थोडक्यात, जीव धोक्यात घालायचाच तर निदान चांगल्या लाटेसाठी घाला.

उलवेकर

चाळीस मिनिटांचं मान्य. मला तेवढीच पुरतात, त्यानंतर खांदे संपतात. पण "चांगली लाट" बघायला दर वेळी मंगळूरची गाडी पकडायची का? आठवड्याला पाच दिवस स्क्रीन, दोन दिवस मॉल. जवळ आहे ती वाईट लाटसुद्धा माझ्यासाठी चांगली आहे.

घणसोली_बाप

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. तुमच्या असल्या गोष्टी बघूनच मुलं समुद्रात जातात. एवढंच.

करंजाची_लेक

"जागा बघून ठेवली आहे" हे वाचून हसू आलं. आमच्या घरात त्या खडपावर चार पिढ्या कालवं काढली जातात. त्याला नाव आहे. त्याच्या पुढच्या टोकाला वेगळं नाव आहे आणि दोन खडपांमधल्या घळीला तिसरं. तुम्ही नाव लिहीत नाही ते गर्दी होऊ नये म्हणून. तुम्हाला ते माहीत तरी आहे का?

दुसरं. ज्याने शिट्टी मारली तो माझा चुलतभाऊ. रोजंदारीवर आहे. त्याच्याकडे एक शिट्टी, एक दोरी आणि हवा कमी झालेली एक रिंग. "आपल्या जबाबदारीवर" म्हणजे काय हो? तुम्ही पाण्यात दिसेनासे झालात तर तो काठावर उभा राहून तुमची जबाबदारी बघत बसणार आहे? तो उडी मारणार. त्याच्या मागून माझा काका होडी काढणार, पावसाळ्यात, जेव्हा आम्ही स्वतःच्या पोटासाठीही काढत नाही. तुमच्या छंदाचा विमा आमच्या घरात उतरवलेला आहे, आम्हाला न विचारता.

आजीला तुमचा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, "त्याला विचार, खालचा खडप बगितलाय का तू?" मीही तेच विचारते.

उलवेकर

ताई, भावाबद्दलचं लागलं. ते डोक्यात आलं नव्हतं, खरंच. पण एक सांगतो, जून-जुलैत मासेमारी बंदच असते, तेव्हा त्या पाण्यात कोणाच्या कामात मी अडचण करतो असं वाटत नाही.

करंजाची_लेक

१ जून ते ३१ जुलै बंदी आहे ती यांत्रिक होड्यांना. पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन गुडघाभर पाण्यात उभा राहणारा माणूस बंदीत घरी बसत नाही. चिंबोऱ्या धरणारा बसत नाही. उलट होडी बंद असते म्हणूनच खडपावर जास्त माणसं असतात. पुलाच्या कामात जाळी टाकायच्या जागा गेल्या, बंदराच्या भरावात गेल्या. २०१०च्या ऑगस्टमध्ये बंदराच्या तोंडाशी दोन जहाजांची टक्कर झाली तेव्हा काठावर तेलाचा थर आला होता, मी शाळेत होते, तो वास अजून आठवतो. आता उरलंय ते खडप. तिथे फळी आली. उद्या फळ्यांची शाळा येईल, परवा तिचं रिसॉर्ट, आणि मग फलक लागेल की कालवं काढणाऱ्यांनी पाहुण्यांना त्रास देऊ नये.

भूगोलप्रेमी

एक बारीक दुरुस्ती. उरण रायगड जिल्ह्यात आहे, नवी मुंबईत नाही.

सीवूड्स_ते_उरण

@भूगोलप्रेमी जाहिरातीत नवी मुंबई, नळाला पाणी येईपर्यंत रायगड. चालू द्या.

डॉ_खारघर

वादात पडत नाही, जखमेबद्दल सांगते. कालवाची धार ब्लेडपेक्षा वाईट. ब्लेडची चीर सरळ असते, ही वेडीवाकडी, आणि आत कवचाचा चुरा राहतो. वरून जखम बंद झालेली दिसते, चौथ्या दिवशी पाय लाल, सुजलेला, ताप. माणूस म्हणतो, "किरकोळ खरचटलं होतं." पावसाळ्यात शहराचं सगळं सांडपाणी ओढ्या-नाल्यांतून त्याच समुद्रात येतं हे विसरू नका. खरचटलं तर लगेच स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा, चुरा काढून घ्या, आणि मधुमेह असेल तर घरी हळद लावून वाट बघू नका. उलवेकर, धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंत? (उत्तर इथे देऊ नका. बहुतेकांना आठवत नाही.)

बोर्डशॉर्ट्स

इथे सगळे बुडायचीच गोष्ट करतायत. चेन्नईपासून ४० किलोमीटरवर कोवळम आहे. मोठ्या शहराच्या शेजारचं कोळ्यांचं गाव, तिथेही खडकाला वळसा घालून येणारी लाट. तिथली सर्फिंगची शाळा मूर्ती मेगवन या मासेमाराने उभी केली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये महाबलीपुरमला आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाळने कांस्य मिळवलं, तो मात्र केरळातल्या कोवळमच्या लाटांवर घडलेला, नाव तेच, गाव वेगळं. कोळ्यांचा आणि सर्फिंगचा वैरभाव असतो हे गृहीतकच चूक आहे. करंजा गावची पोरं या लाटेवर आपल्या सगळ्यांपेक्षा दहापट बरी सर्फिंग करतील.

करंजाची_लेक

@बोर्डशॉर्ट्स हे मला मान्य आहे, आणि हे माझ्याच बाजूचं आहे. तिथे शाळा गावच्या माणसाने काढली. तुम्ही उदाहरण देताय शाळेचं, प्रश्न आहे काढली कोणी याचा.

अर्धवट_वकील

जागा कोणाची हा प्रश्न निघालाच आहे म्हणून. पेरू देशाने २००० साली लाटांसाठी कायदा केला. लाटा फुटतात त्या जागा सरकारी मालमत्ता, विकता येणार नाहीत. सर्फरांनीच मागे लागून करवून घेतला. आणि गंमत म्हणजे त्याच देशात वांचाको गावचे कोळी लव्हाळ्याच्या होडक्यावर बसून, लाटेवर स्वार होऊन काठाला येतात, सर्फिंग हा शब्द नव्हता तेव्हापासून. म्हणजे हा खेळ मुळात कोळ्यांचाच म्हणायला हरकत नाही.

करंजाची_लेक

त्यांना मासे घेऊन घरी यायचं असतं. यांना रिकाम्या हाताने परत आत जायचं असतं. फरक आहे थोडा.

खारे_वारे

ताईंनी घळीचा उल्लेख केला म्हणून उलवेकरांना विचारतो. खडपावर फुटलेलं पाणी मागे कुठून जातं ते पाहिलंत का? दोन खडपांमधल्या घळीतून जातं. तीच ओढ. माहीतगार सर्फर तिचा उपयोग सरकत्या जिन्यासारखा करतो, वल्हवायची मेहनत वाचते. माहीत नसलेला तिच्याशी झुंजतो आणि दमतो. लीशचंही तसंच. वाळूवर ती जीव वाचवते, कारण बोर्ड तुमच्याजवळ राहतो. खडपात तीच दोरी कातळाच्या दातात अडकली तर तुम्ही पाण्याखाली बांधलेले. एका हाताने, डोळे मिटून, घोट्यावरचा पट्टा सोडता येतो का? घरी पलंगावर पडून करून बघा. आणि पडताना पाय खाली सोडू नका. आडवे, पसरट पडा, हात डोक्यावर. मुळकीच्या वाळूने पाय टेकवायची सवय लावलेली असते, ती आधी मोडावी लागते.

मला स्वतःला एक शिवण आहे, हनुवटीखाली. ती इथली नाही, पण कारण हेच. लाट बघत होतो, तळ बघितला नव्हता.

उलवेकर

पलंगावर करून बघितलं. पट्टा सुटायला अकरा सेकंद लागले, तेही डोळे उघडे ठेवून. बायको दारात उभी राहून बघत होती, तिने काही विचारलं नाही, ते जास्त लागलं.

बंदी सरसकट नको हे मत अजून तसंच आहे. पण आजींच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आहे. खालचा खडप मी बघितलेला नाही. मी नेहमी पाणी भरलेलं असतानाच गेलो, कारण लाट तेव्हाच असते.

पाऊणपट

तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाला भरती. अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. त्याच्या सहा तास आधी सुकती, म्हणजे ओहोटी. खडप उघडा बघायचा तर अमावास्येच्या पहाटे पाच-सव्वापाचला काठावर असायला हवं. अष्टमीला भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी, खडप धड उघडा पडत नाही. ॲप लागत नाही, कालनिर्णय पुरतं.

घणसोली_बाप

पहाटे पाचला अंधार असतो.

करंजाची_लेक

@घणसोली_बाप बॅटरी असते.

@उलवेकर येत्या अमावास्येला आजी आणि दोघी काकवा जाणार आहेत, पाऊस फार नसला तर. तुम्हाला यायचं असेल तर या. आजीने स्वतः सांगितलंय, मी नाही. रबरी बूट घाला, चप्पल चालणार नाही, ती पहिल्याच खडपावर निघून जाते. लोकलची वाट बघू नका, गाडीने या. चुलतभाऊ पण असेल, त्याच्याशी एकदा नीट बोला. खडपाचं नाव आजीला विचारा, तिला वाटलं तर सांगेल.

उलवेकर

येतो. बोर्ड आणू का? नुसता दाखवायला?

करंजाची_लेक

बोर्ड घरी. टोपली आणा.